सगळेच प्रशासक

प्रेमराज नानांच्या अंगठ्याखाली मोबाइलचा निम्मा पडदा झाकला जाई, आणि हसीबच्या पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ त्या अंगठ्यात होतं.

नाना म्हणजे सावद्याचे मोठे केळीवाले. केळी उत्पादक मित्रमंडळाचे अध्यक्ष, आणि मंडळाच्या 'केळीबाग' या ब्लॉगचे एकमेव लेखक. बागेत उभ्या उभ्या काही सुचलं की ते तिथंच मोबाइलवर लिहीत. पण ब्लॉगचं मागचं दार, म्हणजे जिथून लेख चढवायचा आणि नको तो उतरवायचा, ते कंप्युटरच्या रुंद पडद्यासाठी बांधलेलं. मोबाइलवर त्यातली बटणं तिळाएवढी दिसत. करप्या रोगावरचा लेख 'प्रसिद्ध करा' म्हणून दाबायला जावं, तर शेजारच्या 'काढून टाका'ने तो गडप होई.

"हसीबभाऊ," नाना एकदा वैतागून म्हणाले, "करपा बागेतून जाता जात नही. ब्लॉगवरून मात्र एका बोटात जाऊन राह्यला."

हसीबला अशाच माणसाची गरज होती. जळगावात त्याच्या अब्बांचं, अमीनभाईंचं, कूलर बनवण्याचं दुकान होतं. त्या दुकानावरच्या खोलीत पत्रा ठोकण्याच्या तालावर हसीब प्रोग्रॅम लिहीत बसे. पुण्याच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र आलेलं होतं. हसीबला पुण्याला जायचं नव्हतं. गावात राहून स्वतःचं काही उभं करायचं होतं. अमीनभाईंनी त्यावर आपला निकाल ऐकवला होता.

"देख बेटा, मी कूलर बनवला तर लोक त्याच्यासमोर बसून सांगतात, हवा येते. तुझ्या कामाची हवा कोणाला आली ते दाखव. एक गिऱ्हाईक आण, जे लिहून देईल की काम चांगलं आहे. नाही तर पुण्याची गाडी पकड."

तेव्हा हसीबने नानांसाठी एक प्लगिन बनवलं. म्हणजे ब्लॉगला मागून जोडायचा एक छोटा प्रोग्रॅम, ज्याच्यामुळे सगळा कारभार मोबाइलवर अंगठ्याने चालेल. नानांच्या अंगठ्याचं त्याने खरोखर माप घेतलं. हिरवं बटण 'प्रसिद्ध करा'चं, लाल बटण 'काढून टाका'चं, आणि दोघांच्या मध्ये बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा. वरती वापरणाऱ्याचं नाव आणि नावाखाली त्याचा हुद्दा. हुद्दा दाखवायचं काही कारण नव्हतं. तो नुसता दिसायला बरा म्हणून हसीबने घातला होता.

उद्घाटन ठरलं नानांच्या मळ्यात, भरिताच्या पार्टीला. थंडीचे दिवस होते. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जात होत्या आणि मंडळाचे तीसेक सभासद धुराच्या उलट्या बाजूला बसले होते. नानांचा मोबाइल हातोहात फिरला. 'प्रेमराज नाना', आणि खाली 'प्रशासक'.

"भारी शे," सगळे म्हणाले, आणि सगळ्यांनी आपापले मोबाइल पुढे केले.

हसीबने उत्साहाच्या भरात सगळ्यांच्या मोबाइलवर प्लगिन चढवलं. ब्लॉगच्या कारभारात हुद्द्यांची उतरंड ठरलेली असते. तिच्याप्रमाणे उपाध्यक्ष भिकन आबा 'संपादक' झाले, खजिनदार बन्सीलाल 'लेखक' झाले, माजी अध्यक्ष उखर्डू आबा 'सहयोगी' झाले आणि उरलेले 'वाचक'. इथपर्यंत वांगी नीट भाजली जात होती.

"हसीबभाऊ, हे सहयोगी म्हंजे काय राह्यते?" उखर्डू आबांनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही लेख लिहायचा, आबा. मग भिकन आबा तो तपासणार."

"भिकन तपासणार." आबांनी हातातली पुरी खाली ठेवली. "मी अध्यक्ष व्हतो तव्हा हा भिकन माह्या सतरंज्या उचले!"

"सतरंज्या मी माह्या घरून आणे," भिकन आबा म्हणाले. "तुमच्या घरच्या सतरंजीवर मांजर बी बसत नसे."

मागून कोणीतरी ओरडला, "तुमचं बरं हो, आबा! मले तर ह्यानं वाचक करून ठेवलं. आमच्या सात पिढ्यांत कोणी वाचक नव्हतं!"

हे सगळं निस्तरता आलं असतं. पण त्या दिवशी नानांचे जावईही आले होते. नवलराव धुळ्याचे, तिथल्या एका क्रीडा मंडळाचे सचिव. त्यांनीही हौसेने मोबाइल दिला होता, आणि मोबाइलने त्यांना काय केलं होतं ते आता त्यांनी वाचलं. नवलरावांनी तिसरी पुरी 'नको' म्हटली. मग भरीतही 'नको' म्हटलं आणि ते नुसतं ताक पीत बसले.

भरिताच्या पंगतीत जावई ताक पितो आहे, हे दृश्य खानदेशात कोणत्याही सासऱ्याला बघवत नाही. नानांची लेक दिपमाला तरातरा आली.

"नाना, ह्यांना वाचक केलं म्हणे? आणि त्या बन्सीलालकाकांना लेखक? बन्सीलालकाका सही करायला चष्मा मागतात!"

"अगं, ते मोबाइलनं केलं."

"मोबाइल कोणाचा आहे?"

नानांनी हसीबला गोठ्यामागे नेलं. "हसीबभाऊ, बठ्ठ्याले प्रशासक करून टाक."

"नाना, असं करता येत नाही. सगळे प्रशासक झाले तर कोणीही कोणाचाही लेख काढून टाकेल. एका दिवसात ब्लॉग साफ होईल."

नाना मुरलेले होते. त्यांनी सोसायटी पाहिली होती, बाजार समिती पाहिली होती, दोन शाळांचे वाद मिटवले होते.

"मंग करू नको," ते म्हणाले. "पण दिसू दे."

हसीबने ते केलं. त्या आठवड्यात नवी आवृत्ती निघाली. आता प्रत्येकाच्या नावाखाली 'प्रशासक' दिसे. कोणीही हिरवं बटण दाबलं की 'लेख प्रसिद्ध झाला' असं येई आणि तो मंडळातल्या सगळ्यांना प्लगिनमध्ये दिसे. खऱ्या ब्लॉगवर मात्र नानांनी मंजूर केला तरच तो जाई. कोणीही लाल बटण दाबलं की तो लेख नाहीसा होई, पण फक्त दाबणाऱ्याच्या मोबाइलवरून. बाकीच्यांकडे तो तसाच राही. खरी किल्ली एकट्या नानांच्या मोबाइलात. नानांनी शब्द दिला की ते सगळ्यांचे लेख न्यायाने मंजूर करतील. हसीबला थोडं खटकलं. पण फोन यायला लागले तसं खटकायचं थांबलं.

"हसीबभाऊ, काय चीज बनवली!" उखर्डू आबा म्हणाले. "माहा शेणखताचा लेख चढवला. असं वाटलं, पुन्हा खुर्चीत बसलो."

नवलरावांनी धुळ्याहून ठिबक सिंचनावर लेख चढवला आणि दिपमालेने माहेरी फोन करून आईची चौकशी केली. भिकन आबा रोज सकाळी लिहू लागले. कोणाची तक्रार नाही, भांडण नाही. मंडळात इतकी शांतता कशी, याचं हसीबला नवल वाटायला हवं होतं. त्याने ते प्लगिनच्या गुणवत्तेच्या खात्यात जमा केलं.

मग वार्षिक सभा आली. त्या सभेत नाना त्याला मंडळाचं अभिनंदनाचं पत्र देणार होते. अमीनभाईंनी सकाळी दुकानातून हाक मारली, "पत्र आणलंस तर पुण्याला मीच कळवतो, माझा मुलगा येत नाही." हसीबने नवा शर्ट घातला. नशिराबाद मागे पडलं तेव्हा तो गाडीवर गुणगुणत होता.

सभेच्या हॉलमध्ये पाय टाकला आणि त्याचं गुणगुणणं थांबलं. समोर पांढरा पडदा लावला होता.

"हे काय, बन्सीलालभाऊ?"

"नानांची कल्पना. ब्लॉग मोठ्या पडद्यावर दाखवायचा. शाळेतून कंप्युटर आणला. जावई येऊन राह्यले ना!"

शाळेच्या कंप्युटरवर प्लगिन नव्हतं. तिथे ब्लॉग उघडला की तो जगाला दिसतो तसाच दिसणार. इतके दिवस त्या पुढच्या दाराने मंडळातला एकही माणूस आत गेला नव्हता; स्वतः प्रशासक असलेला माणूस वाचकाच्या दाराने कशाला जाईल? हसीबने घाईघाईने आपल्या मोबाइलवर खरा ब्लॉग उघडला. तिथे करप्यावर नाना होते, रोपांवर नाना होते, घडाशेजारी नाना होते आणि पुरस्कार घेतानाही नानाच होते. दुसरं कोणी नव्हतं. नानांनी न्याय केला होता. सगळ्यांना सारखंच नामंजूर केलं होतं.

किल्ली नानांच्या खिशात आणि नाना व्यासपीठावर हार घालून घेत होते. हसीब हातवारे करत पुढे गेला. नानांनी त्याला आशीर्वाद दिला. तेवढ्यात कोणीतरी दिवे घालवले आणि पडदा उजळला.

पडद्यावर नाना, मग खाली नाना, अजून खाली नाना. ब्लॉग सरकत सरकत तळाला जाऊन थांबला. व्यासपीठावरच्या नानांना आपण काय दाखवायला लावलं ते आता कळलं. त्यांचा चेहरा कच्च्या केळ्यासारखा हिरवट झाला. हसीबने मनातल्या मनात पुण्याची बॅग भरली.

भिकन आबा उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला. उखर्डू आबांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

"पाण्याची व्यवस्था ह्या वर्षी चांगली शे," ते म्हणाले आणि खाली बसले.

मग उखर्डू आबा अर्धवट उठले. "बिछायत बी चांगली शे," म्हणाले आणि तेही बसले.

नानांनी ताबडतोब चहा जाहीर केला.

हसीब हॉलमागच्या नळावर तोंडावर पाणी मारत होता. भिकन आबा हळूच शेजारी आले.

"हसीबभाऊ, एक विचारू का? ते लाल बटन कोणी दाबलं, हे कुठी दिसून येते का?"

"नाही, आबा. का?"

आबांनी सुटकेचा श्वास सोडला. "काही नही. उखर्डूचा शेणखताचा लेख व्हता. चुकीचा व्हता. शेतकऱ्याचं नुकसान झालं असतं, म्हणून काढला."

"तो एकच काढला?"

"त्याचे बठ्ठेच चुकीचे व्हते. बन्सीलालचे बी. आता दुसऱ्या प्रशासकाईनंही हात चालवलेला दिसते. पण इतकं साफ होईन असं नव्हतं वाटलं बापा."

आबा गेले आणि उखर्डू आबा आले. त्यांनी भिकनचे सगळे लेख काढले होते, कारण त्यात शुद्धलेखन नव्हतं. बन्सीलालचा अंगठा रोज सकाळी चहाच्या वेळी आपोआप घसरत होता. पहूरकडचा एक सभासद तर इतका प्रामाणिक निघाला, की त्याने चुकून स्वतःचाही लेख काढला होता. एकेक जण नळावर हात धुवायला येई, तेवढंच विचारून जाई. सरतेशेवटी आलेल्या माणसाने तर हात न धुताच विचारलं.

हसीबच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या पडद्यासमोर तीसेक माणसं बसली होती आणि प्रत्येक जण ते आपल्याच अंगठ्याचं काम समजत होता. आपलाही लेख गेला, हे दुःख प्रत्येकाला होतं. पण 'माझा कोणी काढला?' असं विचारावं, तर 'आणि माझा?' हा प्रश्न यायचा. नाना तरी कसे बोलणार? त्यांनी तर हिरवं बटण दुसऱ्या कोणासाठी दाबलंच नव्हतं. आणि आपले लेख तेवढे शिल्लक राहिले हे बरंच झालं, अशी त्यांची मनापासून समजूत दिसत होती.

चहानंतर सभा सुरू झाली. प्लगिनच्या अभिनंदनाचा ठराव भिकन आबांनी मांडला. अनुमोदन उखर्डू आबांनी दिलं. त्या दोघांनी एकमेकांना अनुमोदन दिल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. झाल्या गोष्टी पुन्हा उकरू नयेत, अशी पुस्ती बन्सीलालने जोडली. ठराव एकमताने पास झाला. हसीबचं मन मात्र त्याला खाऊ लागलं. पत्र हातात घेताना त्याने माइक ओढला.

"मला एक सांगायचं आहे. ते लाल बटण खरं तर..."

नानांनी माइकवर हात ठेवला. त्या अंगठ्याखाली अख्खा माइक झाकला गेला.

"हसीबभाऊ," ते हसत म्हणाले, "पंगत बसून राह्यली."

हसीबने बाहेर येऊन अब्बांना फोन केला.

"पत्र मिळालं, अब्बा. ठराव झाला. एकमताने."

पलीकडे पत्र्याची ठोकाठोक थांबली. "मंडळात एकमत?" अमीनभाईंनी काळजीने विचारलं. "कोणी वारलं का?"

"नाही, सगळे जेवायला बसलेत."

"मग पुण्याला फोन लावतो मी."

हसीबने मोबाइल खिशात ठेवला. जळगावात राहायचं हे पक्कं झालं होतं. कसं झालं, ते कोणाला सांगता येणार नव्हतं, इतकंच. मागे वळून पाहतो तर नवलराव सुपारी कातरत उभे होते.

"मले पहिल्याच हप्त्यात समजनं," ते शांतपणे म्हणाले. "मन्हा मोबाइलवरून सासऱ्यांचे बठ्ठे लेख काढी टाकात, अन् दिपमालाना मोबाइलवर ते तसेच दिसतस."

हसीब दोन पावलं जवळ सरकला. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काबरं बोलू? काढानं सुख ते काढानं सुख." नवलरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते मंडळाच्या सचिवाच्या मराठीवर आले. "आमच्या धुळ्याच्या क्रीडा मंडळालाही असंच एक प्लगिन बनवून द्या. आमच्याकडे पाच माजी अध्यक्ष आहेत आणि पाचही जण लिहितात."

"देतो की. काही बदल हवेत?"

नवलरावांनी पंगतीत बसलेल्या सासऱ्यांकडे एकवार पाहून घेतलं.

"हिरवं बटण लहान असलं तरी चालेल," ते म्हणाले. "लाल एवढं मोठं करा, की दोन्ही अंगठे मावले पाहिजेत."