उतावळ्या प्लेटलेटी

आमच्या पुसेगावात दत्ताच्या सलूनमध्ये कुणाला वस्तरा लागला, तर दत्ता तुरटी शोधतो आणि बाकावर बसलेले किशनराव खिल्लारे मनगटावरचं घड्याळ बघतात. "तुरटी ठेव," असं दत्ताला बजावून ते रक्त थांबेपर्यंतचे सेकंद मोजतात. रक्त लवकर थांबलं तर कुणालाही बरं वाटेल. किशनरावांचा चेहरा पडतो. "ऐंशी सेकंद. लई उतावळ्या हायेत तुमच्या प्लेटलेटी. हार्टला जपा."

किशनराव पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर गुरांना सुया टोचल्या. गुरांनी कधी उलट प्रश्न विचारला नाही, त्यामुळे त्यांच्या मतांना एक ठामपणा आला. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको हार्ट अटॅकने बसल्या जागी गेली. त्यानंतर महिन्याभरात त्यांना वर्तमानपत्राच्या आरोग्याच्या पानावर प्लेटलेट भेटल्या आणि गावाची शांतता संपली.

तोवर गावाला प्लेटलेट माहीत होत्या त्या डेंगीमुळे. ज्याच्या जास्त तो भाग्यवान. लोक आपला आकडा जमिनीच्या एकरांसारखा सांगत. सरपंचांनी एकदा दत्ताच्या खुर्चीत बसल्या बसल्या जाहीर केलं, "आपल्या साडेतीन लाख."

"आकडा नका सांगू, त्यांचं वागणं सांगा," किशनराव म्हणाले. "प्लेटलेट म्हंजे कार्यकर्ते. शिरेला जरा खरचटलं की पळत येतेत, एकमेकाला चिकटतेत, अजून धा जनांना बोलावतेत. काम एकाचं, गर्दी पन्नासाची, अन् रस्ता जाम. मानूस मेला तरी हटत न्हाईत."

सरपंचांनी अर्ध्या केलेल्या दाढीनिशी हसायचा प्रयत्न केला.

माझी पाळी श्रावणात आली. "गुरुजी, पंचावन्न सेकंद," किशनरावांनी निकाल दिला. "अन् शाळेचा जिना चढताना दम लागून राहिला तुमाला. पाहतो मी."

दम लागत होता. ते मी घरीही सांगितलं नव्हतं. म्हणून चिडून म्हणालो, "किशनराव, मी म्हैस नाही."

"म्हैस असता तं कवाच दवाखाना झाला असता. म्हैस लपवत न्हाई."

पुढचे पंधरा दिवस ते रोज सकाळी सातला दारात. "चला हिंगोलीला." मी रोज नवं कारण सांगायचो. सोळाव्या दिवशी ते माझ्याऐवजी माझ्या बायकोशी बोलले, आणि साडेआठच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलेलो होतो.

हिंगोलीचे डॉक्टर तरुण होते. कागदावरच्या रेघा पाहून ते गंभीर झाले. हृदयाची एखादी नळी अरुंद झालेली दिसते, पुढची तपासणी याच आठवड्यात करू, पण वेळेत आलात, म्हणाले. 'वेळेत' हा शब्द ऐकताच किशनराव खुर्चीत ताठ झाले आणि त्यांनी सेकंदांचा सिद्धांत साद्यंत मांडला. मी फरशीकडे पाहत राहिलो.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "काका, तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे. प्लेटलेट जास्त चिकट झाल्या तर हृदयाच्या नळीत गाठ होऊ शकते. पण कातडीवरचं रक्त किती सेकंदांत थांबलं, यावरून हार्टचं काही कळत नाही. गुरुजींना दम लागतोय हे तुम्ही पाहिलंत, ते कामाला आलं."

आता तासभर वाद, म्हणून मी पाय पसरले. किशनराव मात्र पुढे सरकले.

"काहीच कळत न्हाई?"

"काहीच नाही."

"इळीवर बोट कापलं, अन् पदर लावायच्या आत रक्त थांबलं, तरीबी?"

"तरीही नाही."

किशनराव टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "आमच्या घरात थांबायचं तसं. मी कौतुक करायचो तिचं. म्हनायचो, तुझं रक्त लई गुनाचं, चिंधीसुद्धा लागत न्हाई." मग म्हणाले, "म्हंजे मला ते वळखू यायला पायजे होतं, असं न्हाई."

"नाही काका. त्यावरून कुणालाच ओळखू आलं नसतं."

"बराबर," किशनराव म्हणाले. स्वतःचा सिद्धांत मोडल्यावर इतक्या शांतपणे कुणी 'बराबर' म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

बाहेर आल्यावर ते बाकावर बसले. "तुमी घरी फोन करा, गुरुजी. मी टेकतो जरा."

मी फोन करून आलो, तर ते भिंतीला डोकं लावून गाढ झोपले होते. तोंड किंचित उघडं. गावाकडची चारची बस समोरून निघून गेली. मी त्यांना उठवलं नाही.