न सांगता साफ केलेलं सिंक

नवरेबुवांनी लग्नानंतर प्रथमच न सांगता घरातलं एक काम केलं होतं. सिंकच्या पाइपात सफाईच्या द्रावणाची अख्खी बाटली ओतली, वरून उकळतं पाणी सोडलं आणि शाबासकीची वाट पाहत ते ओट्याला टेकून उभे राहिले.

बायको प्रयोगशाळेतून आली ती थेट सिंककडे, हातात काचेची नळी आणि कापसाची काडी घेऊन. प्रयोगशाळेतलं जिवाणू वाढवायचं उबवणीचं कपाट बिघडून नको तेवढं तापलं होतं आणि तिचे सगळे जिवाणू भाजून निघाले होते. परवा तपासणीला मंडळी येणार. त्यांना जिवाणू तेल पचवताना दिसले नाहीत तर प्रकल्प बंद आणि तिची नोकरीही. पण ती निर्धास्त होती, कारण मूळ जिवाणू तिने याच पाइपातून उचलले होते.

"लिंबाचा वास कसला येतोय?" तिने विचारलं.

"मी साफ केलं," नवरेबुवा फुलून म्हणाले.

तिने नळी आणि काडी ओट्यावर ठेवली. मग तिने जे काही सुनावलं त्यातून त्यांना एवढं कळलं: तिच्या सासूबाईंच्या तळणाचं तेल वर्षानुवर्षं त्या पाइपात जात होतं. ज्या जिवाणूंना ते पचेना ते उपाशी मेले, ज्यांना जमलं त्यांची पोरंबाळं वाढली, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं लायपेज, म्हणजे तेलाचे तुकडे करणारं विकर, धारदार होत गेलं. एस्टरेज हे त्याचं चुलत भावंड. ते पाण्यात विरघळणाऱ्या बारीकसारीक घासांवर भागवतं, लायपेजला मात्र तेलाचा थेंबच हवा.

"अशी खानदानी मंडळी," ती म्हणाली, "तू एका बाटलीत संपवलीस."

नवरेबुवांना खरंच वाईट वाटलं. ते काडी घेऊन शेजारी गेले आणि अदबीने म्हणाले, "तुमचा पाइप फार घाण असेल ना? जरा बघू?" शेजारीणबाईंनी दार लावून घेतलं, लाजेकाजेस्तव आपल्या सिंकमध्ये बाटली ओतली आणि घरोघरी फोन केला की पाइपांची तपासणी निघाली आहे. नवरेबुवा ज्या दारात जात तिथे आत पाणी उकळत असे. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला लिंबाचा वास सुटला.

तेवढ्यात सासूबाई बाहेरून आल्या. हकिगत ऐकून त्यांनी शांतपणे शेगडीमागे हात घातला आणि कढई पुसायचं फडकं बाहेर काढलं. काळंकुट्ट, ओलसर, तेलाने माखलेलं. सुनेने ते कितीदा तरी कचऱ्यात टाकलं होतं, त्यांनी दर वेळी परत काढलं होतं, आणि त्यावरून घरात अबोलेही झाले होते.

"कढई त्याच सिंकमध्ये विसळते आणि यानेच पुसते," त्या म्हणाल्या. "चालेल का?"

सुनेने फडकं दोन्ही हातांत धरलं. "आई, चालेल काय, धावेल."

"पण परत आणून द्यायचं."

आणि धावलंच. तपासणीच्या दिवशी तेल घोटून दुधट केलेल्या बशीत जिवाणूंच्या प्रत्येक ठिपक्याभोवती तेल पचून स्वच्छ कडं पडलं होतं. मंडळी खूश झाली, प्रकल्प वाचला. फडकं मात्र प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये बरणीत जाऊन बसलं. मग सुनेने एक जुनी चादर स्वतः फाडून सासूबाईंना नवं फडकं करून दिलं.

काही दिवसांत तेही काळं पडलं. एका रविवारी ते नवरेबुवांच्या नजरेस आलं. त्यांनी उत्साहाने बादलीत साबण कालवला आणि फडकं बुडवणार, तोच मागून दोन आवाज एकदम आले.

"हात लावू नकोस."

इतक्या वर्षांत सासू-सुना एकमताने बोलल्या ते हे पहिलंच वाक्य. नवरेबुवांनी फडकं जागेवर ठेवलं आणि साबण कालवलाच होता म्हणून मुकाट्याने स्वतःचा शर्ट बुडवला.