पाहुण्यांचं तापमान

आराधनाची सोयरीक सुप्याला जुळत आली होती, पण तिच्या वडिलांच्या, अँड्र्यू सरांच्या, जिवाला काही स्वस्थता नव्हती. बेलापूरची त्यांची भावकी जन्माची तापट. सुप्याचे पाहुणे असे थंड, की चहा घेता का विचारलं तरी एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. आज ते जेवायला आले होते आणि जेवणानंतर लग्नाची तारीख ठरायची होती. त्याआधी कुणी टोचून बोललं की संपलंच सगळं.

पण सरांनी उभा जन्म शाळेत उष्णता शिकवली होती.

"गरमाशेजारी गार ठेवलं की दोन्ही कोमट होतात," ते बायकोला म्हणाले. "माणसांचंही तसंच असतं."

"मान्सं हायेत ती, आंघोळीचं पानी न्हाई," मेरी म्हणाली. "तुमी आपले गप बसा."

गप बसतील तर ते सर कसले? मेरी मागं भात बघायला गेली, तेवढ्यात त्यांनी पंगत बसवून टाकली. एक सुप्याचा, एक बेलापूरचा, पुन्हा एक सुप्याचा. बेलापूरकर नको नको म्हणत होते, पण सरांनी खांदे दाबून एकेकाला खाली बसवलं. प्रार्थना झाली, आमेन झालं, तरी पत्रावळ्या कोऱ्याच.

वाढणारे सगळे पंगतीत बसले होते ना! पाहुणे उठल्याशिवाय मुलीकडच्यांनी बसायचं नसतं, हे सर तापमानाच्या नादात साफ विसरले होते.

इकडे थंड पाहुणे भुकेनं तापू लागले. शेवटी मुलाचे योहानमामा उठले आणि त्यांनी आमटीची बादली उचलली. "ऱ्हाऊ द्या. आमीच वाढतो."

पाहुण्यानं वाढायचं म्हणजे घराची नाचक्की. मेरीचा भाऊ बन्सी बादलीकडं धावला. ओढाताणीत अर्धी आमटी सतरंजीवर गेली. तापट बेलापूरकर शरमेनं गार पडले. सरांना वाटलं, लेकीचं लग्न आपण आपल्या हातानं मोडलं.

"एकाआड एक बसवायचा शानपना कुनाचा?" योहानमामांनी विचारलं.

"आमच्या दाजींचा," बन्सी म्हणाला.

दोघांनी मिळून सरांचे दंड धरले, त्यांना ओट्यावर नेऊन सोडलं आणि दार लोटून घेतलं. सर येरझाऱ्या घालत राहिले. आतून हसणं ऐकू येऊ लागलं, तसा त्यांचा जीव आणखीच टांगणीला लागला.

बऱ्याच वेळानं आराधना ताट घेऊन आली. "पप्पा, तारीख ठरली. दोन्हीकडची मंडळी एक झाली."

सरांचा चेहरा खुलला. "म्हणजे माझं बरोबर होतं."

"व्हय. लग्नात पंगती उठेपर्यंत तुमाला चर्चमधीच कोंडून ठेवायचं, यावर एक झाली."

सरांनी मान खाली घालून आमटीत भाकरी बुडवली. आमटी कोमट झाली होती.