मारोतरावांची मूठ आणि कोंबड्यांची गादी

मारोतराव कोणत्याही वस्तूवर विश्वास ठेवण्याआधी ती मुठीत दाबून पाहतात. मग मूठ उघडतात, वस्तू कशी फुलते ते बघतात, वास घेतात आणि हे सगळं पुन्हा एकदा करतात. एकदा पाहिलेलं ते खरं मानत नाहीत. मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा सत्कार झाला. चार वक्त्यांनी मला 'ज्ञानाचा वटवृक्ष' म्हटलं. चौघांनाही हाच वृक्ष सुचला. कार्यक्रम संपल्यावर मारोतरावांनी माझ्या खांद्यावरची शाल दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"पॉलिस्टर," ते म्हणाले आणि चहा प्यायला गेले. त्या सत्काराचं इतकं नेमकं परीक्षण दुसऱ्या कोणी केलं नाही.

आंजी गावात आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक कमरेएवढी भिंत आहे. भिंतीपलीकडे ते एकटेच राहतात. पस्तीस वर्षं त्यांनी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडरचं काम केलं. म्हणजे गाडीतला कापूस बघून तो कोणत्या प्रतीचा, हे ठरवायचं. गाडीत वर पांढराशुभ्र कापूस असायचा आणि वजन वाढावं म्हणून मधे पाणी मारलेलं असायचं. मारोतराव खांद्यापर्यंत हात खुपसून मधली मूठ बाहेर काढत. "वरचा कापूस पाहुण्यासाठी असते सर, खरा मधात असते."

नोकरी संपली, वाक्य राहिलं. वांगी विकणारीला ते म्हणतात, "मधातलं दाखव." ग्रामपंचायतीच्या एका उमेदवाराने जाहीरनामा हातात दिला, तेव्हा त्यांनी पहिलं पान सोडून थेट मधलं पान उघडलं. ते कोरं होतं. मारोतरावांनी जाहीरनामा सभ्यपणे परत केला.

तर या माणसाला यंदा दिवाळीच्या आत कोंबड्यांच्या खुराड्यात काय अंथरायचं, हे ठरवायचं होतं.

कारण सई. मारोतरावांची नऊ वर्षांची नात, पुण्याची. गेल्या दिवाळीत ती आली, दुपारभर खुराड्यात कोंबड्यांना टिकली, भुरी, मॅडम अशी नावं देत बसली, आणि संध्याकाळी तिची छाती वाजायला लागली. सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिला दमा होता आणि खुराड्यात सोयाबीनचं कुटार होतं, म्हणजे मळणीनंतर उरतो तो भुगा. कोंबडीने एकदा पाय मारला की ढग उठायचा. मुलाने जाताना शांतपणे सांगितलं, "बाबा, ही धूळ राहिली तर पुढची दिवाळी आम्ही पुण्यातच करू."

त्या दिवशी कुटार उकिरड्यावर गेलं आणि मारोतरावांनी धुळीवर संशय घ्यायला सुरुवात केली.

धूळ पकडायची त्यांची स्वतःची पद्धत होती. खुराड्यात स्टीलचं एक ताट खोबरेल तेल लावून ठेवायचं आणि सकाळी उन्हात धरून बघायचं. दोनदा. स्वतःच्या नाकावर त्यांचा विश्वास नव्हता. पस्तीस वर्षांच्या कापसाने त्यांची छातीही बिघडवली आहे. सकाळचा खोकला मला भिंतीअलीकडे ऐकू येतो.

पहिल्यांदा आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा आणला. "कोनत्या झाडाचा हाय?" त्यांनी विचारलं. आरेवाला म्हणाला, "सगळ्याच झाडाइचा." मिश्र माल म्हटल्यावर मारोतरावांचं तोंड कडू झालं. दुसऱ्या दिवशी धुळीने माखलेल्या ताटाने निकाल दिला. मग भंडाऱ्याकडच्या एका नातेवाइकाने धानाचा तूस पाठवला. मारोतरावांनी तळहातावर घेऊन फुंकला. तो माझ्या चष्म्यावर आला. "उडते," ते म्हणाले.

मागच्या घरातला भास्कर चांगल्या मनाने तुरीच्या कुटाराचं पोतं घेऊन आला.

"घ्या काका, फुकट हाय."

"फुकट काऊन देऊन राह्यला?"

"अजी, शेजारी हाय म्हणून."

"शेजारी त मागच्या वर्षीबी होतो."

भास्कर पोतं घेऊन परत गेला. तो दुखावला, पण त्या पोत्यात काय होतं, याबद्दल त्यानंतर मलाही थोडी शंका येऊ लागली. मारोतरावांच्या शेजारी राहण्याचा हा परिणाम आहे.

मग एके सकाळी ते भिंतीवरून प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "सर, जमलं. रुई!"

ज्याच्यावर त्यांनी आयुष्यभर संशय घेतला, त्याच कापसावर ते शेवटी भाळले होते. ओळखीच्या जिनिंग कारखान्यातून त्यांनी सरकी काढलेली पोतंभर रुई आणली, मुठीत दाबली, दोनदा वास घेतला आणि सात कोंबड्यांखाली अशी पसरली की आमच्याकडे जावयालाही तशी गादी मिळत नाही. दुपारी हाक आली. जाऊन बघतो तर रुईचे तंतू कोंबड्यांच्या नखांत, बोटांत, पायांभोवती गुंडाळलेले. सातही जणी मोजे घातल्यासारख्या पाय उचलत चालत होत्या. मॅडम नावाची कोंबडी एक पाय वर धरून आमच्याकडे अशी बघत होती की मी नजर चुकवली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघे कात्री घेऊन कोंबड्यांचे पाय सोडवत बसलो. तंतू उडत होते आणि मारोतराव खोकत होते.

"मारोतराव," मी वैतागून म्हणालो, "कोंबड्याच देऊन टाका ना कोणाला. धुळीचा प्रश्नच मिटेल."

त्यांनी टिकलीच्या पायातला धागा कापला. मग म्हणाले, "मंग सई फोन कोनाले करन?"

सई रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते, हे मला माहीत होतं. आजोबांशी बोलायला करते, असा माझा समज होता.

"माह्याशी काय बोलते ते? टिकली दाखवा, भुरी दाखवा, फोन आत धरा. मी मधात आलो त म्हनते, आजोबा सरका. फोन कोंबड्याइले येते सर. मी नुसता धरून उभा राह्यतो."

हे त्यांनी कापसाची प्रत सांगावी तसं सांगितलं. मी कात्री चालवत राहिलो.

शेवटी रेती ठरली. चार चुंगड्या, म्हणजे चार पोती, रेती घरी आली आणि गावाने मारोतरावांवर संशय घेतला. आमच्याकडे रेती दिसली की माणसाला आधी बांधकाम आठवतं, मग परवाना. भास्करने तर संधी साधलीच. "काका, मधातलं दाखवा! खाली सिमेंट त नाई?" मारोतरावांनी खरोखर हात खुपसून मधली मूठ काढली आणि त्याला दाखवली. मग अंगणात बसून ते दोन दिवस रेती धूत होते. पाणी नितळ निघालं की पुन्हा एक बादली. रेती वाळली, खुराड्यात चार बोटं पसरली. कोंबड्या तिच्यात लोळल्या, त्यांनी ती उकरली, मॅडमने चालून बघितलं आणि हरकत घेतली नाही.

संध्याकाळी फोन आला. साक्षीदार म्हणून मला बोलावलं होतं. फोन माझ्या हातात होता.

"आजोबा, आता रेती उडवून दाखवा," सई म्हणाली.

मारोतरावांनी तोंडावर दुपट्टा धरला आणि झाडूने रेती ढवळली. कोंबड्या फडफडल्या. उडालं काहीच नाही.

"छान. आता तुम्ही बाहेर जा. मला काकांशी बोलायचंय."

मारोतराव बाहेर गेले, म्हणजे जाळीपलीकडे दोन पावलांवर थांबले.

"काका, खरं सांगा. आजोबा अजून खोकतात का?"

"त्यांनाच विचार की."

"ते नाही म्हणतात. आणि फोनवर बोलताना तोंडावर दुपट्टा धरतात. म्हणून तर मी रोज म्हणते, फोन आत धरा. आत गेले की त्यांना खोकला दाबता येत नाही. मी मोजते. परवा अकरा वेळा आला. आज एकदाही नाही आला."

भुरीने माझ्या चपलेवर चोच मारली.

"आम्ही शुक्रवारी निघतोय," सई म्हणाली. "पण आजोबांना सांगू नका की मी मोजते. मग ते श्वास धरून ठेवतील."

फोन बंद झाला. जाळीपलीकडे मारोतराव दुपट्टा हातात घेऊन उभे होते. खाली पडलेल्या रिकाम्या चुंगडीकडे बघत ते म्हणाले, "माह्यावर भरोसा नाई पोट्टीचा."

"नाही," मी म्हणालो.

"ग्रेडर होईन थे." त्यांनी दुपट्ट्याने चेहरा पुसला, जरा जास्त वेळ पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खुराड्यातून तेलाचं ताट काढलं आणि भिंतीशी आणून उन्हात धरलं. स्वच्छ होतं. ते पुन्हा बघतील म्हणून मी थांबलो. त्यांनी ताट विसळलं आणि पालथं घातलं.