शिकाऊ गुरुजी

बायकोला गाडी मीच शिकवायची, हा निर्णय मी चहाचा दुसरा कप संपायच्या आत घेतला. तिला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळाली होती. तिथे बस जात नाही आणि हजर व्हायला दीडच महिना उरला होता. तिने ड्रायव्हिंग स्कूलचं नाव काढताच मी माझ्या बावीस वर्षांच्या अनुभवाचा दाखला दिला. (शेजाऱ्यांचं फाटक त्यात धरलेलं नाही. ते आधीपासूनच वाकडं होतं.)

तिने शिकाऊ परवाना काढला, गाडीला लाल 'एल' चिकटवला आणि नियमांचं पुस्तक अथपासून इतिपर्यंत पाठ केलं. वळताना इंडिकेटर का देत नाही, पुढच्या गाडीला इतकं खेटून का जाता, असले प्रश्न ती विचारायची. पुस्तक वेगळं आणि रस्ता वेगळा, असं मी तिला समजावत असे. ती मान डोलवायची आणि पुस्तकाप्रमाणेच चालवायची.

चाचणीच्या दिवशी गाडी तिनेच नेली, मी शेजारी. इन्स्पेक्टरांनी तिचे कागद पाहिले आणि शेजारी परवाना असलेलं कोण बसलं होतं, ते विचारलं. मी छाती फुगवून माझा परवाना पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि चष्मा वर सरकवला.

"हा संपून दोन वर्षं झाली."

म्हणजे कायद्याच्या हिशेबाने आम्ही तिथवर बिनड्रायव्हरच्या गाडीतून आलो होतो. आता तिची चाचणी बुडणार, हे उघड होतं.

ती मात्र शांतपणे म्हणाली, "साहेब, चूक माझी. शिकवणाऱ्याचा परवाना बघायचा असतो. मी नुसता नवरा बघितला."

साहेबांना हसू आवरेना. दंडाची पावती माझ्या नावाने फाडून त्यांनी तिची चाचणी घेतली. ती पहिल्या फटक्यात पास. मला मात्र पुन्हा शिकाऊ परवान्यापासून सुरुवात करायला सांगितलं.

त्यासाठी कॉम्प्युटरवर पंधरा प्रश्न होते. अरुंद पूल आला, समोर शाळा आली, म्हातारं माणूस रस्ता ओलांडतंय, तर काय कराल? अकरा ठिकाणी मी 'हॉर्न वाजवीन' असं उत्तर दिलं. नापास झालो. मग आठवडाभर बायकोने माझी शिकवणी घेतली. चुकलेलं उत्तर ती पाच वेळा लिहायला लावायची. दुसऱ्या खेपेला कसाबसा पास झालो.

काल पहिला धडा होता. परवानाधारक म्हणून ती शेजारी बसली. मी पट्टा लावला, आरसे नीट केले, मागे कोणी नाही ना ते पाहिलं, हँडब्रेक सोडला, गिअर टाकला आणि अलगद क्लच सोडला.

"बघ," मी रुबाबात म्हणालो, "इंजिनाचा आवाजसुद्धा येत नाहीये."

"चावी माझ्याकडे आहे," ती म्हणाली.