निरोपाची खुर्ची

"बसा हो, बसा! इतक्यात कुठं निघालात?"

आईचा हा आवाज चाळीस वर्षं त्याच्या कानात ठाण मांडून होता. बाहेरच्या खोलीत, पाहुण्यापुढे, हा आवाज मधात घोळवलेला असायचा. आणि तीच आई आत येऊन चौथ्यांदा चहाचं आधण ठेवताना भांड्यांना ऐकवायची,

बसलेला बसतो, उंबरा हसतो,
उठा म्हणायचा शब्द माझ्या ओठांत फसतो!

भांडी खणखणायची, पाहुणा पाय आणखी लांब करायचा, आणि दारामागे उभा असलेला सात वर्षांचा मुलगा मनाशी शपथ घ्यायचा: आईच्या ओठांत फसलेला तो शब्द मी एक दिवस बाहेर काढीन!

आई गेली. शब्द तसाच राहिला. मुलगा मोठा होऊन उद्योजक झाला. म्हणजे त्यानं नोकरी सोडली.

गल्लीत त्याला सगळे कल्पतरू म्हणत. या झाडाला कल्पना बारमाही लगडलेल्या. पिकून खाली एकही पडली नव्हती. मध्यंतरी त्यानं बाहेरून खिसे असलेली छत्री काढली. पहिल्याच पावसात सगळे खिसे भरले. पाण्यानं!

"तो सराव होता," तो बायकोला म्हणाला. "आता बघ. निरोपाची खुर्ची!"

खुर्ची दिसायला साधी, पण तिच्या पोटात किल्लीचं यंत्र. पाहुणा बसला की टिकटिक सुरू. चाळीस मिनिटं भरली, की बैठक मागच्या बाजूनं हळूच उचलली जाणार आणि पाहुणा आपसूक उभा राहणार. यजमानानं हात जोडायचे आणि म्हणायचं, "अरेरे, निघालात?"

"आणि ही बनवणार कुठं?" बायकोनं विचारलं.

"तुझ्या शिवणाच्या खोलीत. दोनच महिन्यांचा प्रश्न आहे!"

त्या दोन महिन्यांना दीड वर्ष झालं होतं. खोलीत भुसा, फळ्या, स्प्रिंगा. आणि बायकोचं शिलाई मशीन बाहेर बोळात, न्हाणीघराच्या दाराला खेटून. कुणी आंघोळ करून बाहेर आलं की दार तिच्या कोपरावर आपटायचं आणि सरळ चाललेली शिलाई वळण घ्यायची. तिची गिऱ्हाइकं विचारू लागली, ही नवी फॅशन का? ती उसवायची आणि पुन्हा शिवायची.

सुतारकाम बायकोचे मामा करत. चाळीस वर्षं रंधा मारलेला माणूस. पण जावयाला उलटून बोलायचं नाही हा त्यांचा बाणा. म्हणून ते कामाला बसले की ओठांत चार खिळे धरत. जावयाला नवं काही सुचलं की खिळे आठ होत. हल्ली मामांचं तोंड पिनांच्या उशीसारखं दिसे.

एकदाच त्यांनी खिळे काढून विचारलं होतं, "जावईबापू, यावर सलग चाळीस मिनिटं कुणी बसून पाहिलंय का?"

"मीच बसतो की रोज!"

बसायचा खरा. पण आठव्या मिनिटाला त्याला काहीतरी सुचायचं आणि तो ताडकन उठायचा. चाळिसाव्या मिनिटाला खुर्ची काय करते, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. खुर्चीलाही नाही!

शेवटी बायकोनं करार केला. गल्लीतल्या वकीलसाहेबांना ऑफिसात आठ खुर्च्या हव्या होत्या. ते रविवारी बघायला येणार. त्यांना पसंत पडली तर खोली त्याची. नाही पडली तर त्याच संध्याकाळी मशीन आत.

"मंजूर!" कल्पतरू म्हणाला. "आठ काय, ऐंशी मागतील!"

रविवारी सकाळी सगळं तयार होतं. आणि दात घासता घासता कल्पतरूला सुचलं!

"मामा! नुसतं उठवणं बरं दिसत नाही. निरोप प्रेमाचा हवा. खुर्चीचे हात शेवटी जवळ येऊन पाहुण्याला हलकेच मिठी मारतील!"

"आज?" मामा खिळ्यांआडून म्हणाले.

"तासाभराचं तर काम!"

मामांनी आणखी चार खिळे तोंडात टाकले.

वकीलसाहेब दहाला आले. भरदार देह, त्याहून भरदार आवाज. बसले, टिकटिक सुरू झाली, तेही सुरू झाले.

"अहो, आमचे अशील! एकदा टेकले की उठत नाहीत! बोलत सुटतात! समोरच्याला कामं असतात याचं भान नाही! परवा एक जण..."

त्या परवाच्या अशिलाची कथा संपत आली तेव्हा चाळीस मिनिटं भरली. खट्! बैठक मागून वर निघाली. त्याच क्षणी दोन्ही हात पुढे आले आणि त्यांनी वकीलसाहेबांना पोटाशी कवटाळलं.

"वा! मिठी मारते की!" वकीलसाहेब खूश झाले.

मग बैठक आणखी वर आली. मिठी काही सुटेना. खुर्ची मागून म्हणत होती उठा, पुढून म्हणत होती बसा. थेट त्याच्या आईसारखी! वकीलसाहेब मधोमध दुमडत गेले. आता त्यांचं नाक गुडघ्यांशी बोलत होतं.

"हे... असंच... असतं का?"

"अगदी असंच!" कल्पतरू कपाळ पुसत म्हणाला. "आता फक्त किल्ली उलटी फिरवतो."

किल्ली उलटी फिरत नव्हतीच. ती सुलटी फिरली आणि मिठी आणखी प्रेमळ झाली.

"सोडवा!"

"थांबा, सुचलं! तेल!"

अर्धी बुधली तेल ओतलं. खुर्चीची करकर थांबली. वकीलसाहेब चार बोटं खाली घसरले आणि आधीपेक्षा पक्के बसले. पांढऱ्या सदऱ्याचा पापड झाला.

"मी तुम्हाला कोर्टात खेचीन!" गुडघ्यांतून गर्जना आली.

"आधी त्यांना इथून खेचा," दारातून बायको म्हणाली. तिच्या हातात करवत होती. ती तिनं मामांना दिली.

कल्पतरू खुर्चीपुढे आडवा झाला. "नको! मला सुचतंय, आत्ता सुचेल! अगं, ही माझी दीड वर्षं आहेत!"

मामा करवत धरून थांबले. जावई तो जावई!  बायकोनं फक्त बाही वर करून आपलं कोपर पाहिलं. निळंजांभळं झालं होतं. दीड वर्षात ते त्याला पहिल्यांदा दिसलं.

तो बाजूला झाला. करवत चालली. प्रेमाचे दोन्ही हात भुशात पडले.

वकीलसाहेबांना उलगडून एका स्टुलावर बसवलं. ते स्टूल मामांनी उरलेल्या फळ्यांचं, सरसाचा डबा ठेवायला, अर्ध्या तासात ठोकलं होतं. चहा आला. आता साहेब जातील, असं सगळ्यांना वाटलं. कसले जातात! चहा पोटात गेला तसा त्यांना हुरूप आला. आपण कसे धीरानं दुमडलो, याची हकीकत ते अथपासून सांगू लागले. ज्यांच्यासमोर दुमडले त्यांनाच! एक वाजला. पोटात कावळे कोकलू लागले. कल्पतरू घड्याळाकडे बघे, मामा छताकडे. आणि कल्पतरूच्या तोंडून, त्याच्याही नकळत, मधात घोळवलेला आवाज निघाला, "बसा हो, इतक्यात कुठं..."

"वकीलसाहेब," बायको म्हणाली, "आता उठा. आम्हाला जेवायचंय."

 कल्पतरूनं डोळे मिटले. आता आभाळ कोसळणार!

"अहो, मग आधी सांगायचं ना!" असं म्हणून वकीलसाहेब उठलेसुद्धा. दारात थबकले, कंबर चोळली. "हे स्टूल कुणी केलं हो? दोन तासांत बूड पार बधिर झालं! अशिलांना हेच पाहिजे. आठ करा."

साहेब गेले. मामांचे डोळे चमकले, पण ओठ मिटलेलेच.

"पाहिलंस?" कल्पतरू उसळला. "आठ घेतली! म्हणजे खोली माझी!"

"करार खुर्चीचा होता," बायको म्हणाली. "स्टुलं अंगणात होतील. मशीन उचला."

जेवणं झाली. मामांनी खिळे परत ओठांत धरले. बोळात मशीनच्या एका बाजूला मामा वाकले, दुसऱ्या बाजूला कल्पतरू. वाकता वाकता तो थांबला. डोळे लकाकले.

"मामा, मला काय वाटतं, त्या स्टुलाला जर एक लहानसं यंत्र..."

मामांनी मशीन खाली ठेवलं. ओठांतले खिळे एकेक करून काढले, मोजून बारा, आणि खिशात टाकले.

"जावईबापू," ते म्हणाले, "दीड वर्ष तोंडात धरलंय, आज सांगतो. गप्प बसा आणि उचला."