कुणाहीपेक्षा अर्धा सामना कमी

ज्या संघातून थंडीत कुणाला हाकललं जात नाही, त्या संघाला उन्हाळ्यात कुणी बघायला येत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. ते मला माझ्या मुलाने, लेनीने सांगितलं. लेनी कॉलेजात शिकलाय, त्यामुळे मी ते खरं धरून चालते. माझी तक्रार एवढीच, की हे सत्य त्याने थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, माझी टर्की टेबलावर असताना अंमलात आणलं.

आमच्या ओल्ड फेरी गावाचा बेसबॉल संघ माझ्या मालकीचा आहे. संघाचं नाव 'बगळे'. गाव सरोवराकाठी, म्हणून बगळे. शिवाय आमचे खेळाडू बराच वेळ एका पायावर उभे असतात आणि चेंडू शेजारून गेला तरी ध्यान मोडत नाहीत. संघ माझ्या नवऱ्याने घेतला, कारण तेव्हा दुसरं कुणी घेत नव्हतं. जाताना त्याने माझ्याकडून वचन घेतलं, "व्हेरोना, मैदान तुझं, सॉसेजची गाडी तुझी, पण खेळाडूंत लुडबुड करू नकोस. ते लेनीला करू दे." कोस्टेल्निकांच्या घरात वचन मोडत नाहीत. (वाकवतात.)

ऑर्विल टिप्टन हा आमचा कॅचर. उन्हाळाभर फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं आणि येईल तो चेंडू अंगावर घ्यायचा, हे त्याचं काम. आमच्याकडे बाहेरगावचे खेळाडू गावातल्या घरांत उतरतात. ऑर्विल माझ्या माडीवर. माझी मुलगी बर्नीस विधवा, तिची बेकरी. पिठाची पोती उचलता उचलता दोघांचं जमलं. जानेवारीत, तीन राजांच्या सणानंतरच्या शनिवारी लग्न ठरलं. हॉल घेतला, अकॉर्डियनवाल्याला सांगितलं, मी अक्रोडाचे रोल कुणाकुणाला पाठवायचे नाहीत तेही ठरवून ठेवलं.

तर टर्की. ती ऑर्विलच कापत होता. लेनीचा फोन वाजला, तो कोठीघरात गेला आणि हसत बाहेर आला.

"ऑर्विल, अभिनंदन! तू आता सॉल्ट बेंडचा."

"ते कुठं आलं?"

"टेक्सासात."

ऑर्विल सुरी धरून उभाच राहिला. "मग हा पाय कुणाला वाढू?"

"लेन्या," बर्नीस म्हणाली, "माझा नवरा विकलास?"

"विकला नाही गं, बदलला. आणि नवरा अजून व्हायचाय. म्हणजे तसं बघितलं तर मी फक्त कॅचर बदललाय."

"कुणाच्या बदल्यात?" मी विचारलं.

"नाव नंतर ठरेल."

इथे थोडं सांगायला हवं. बेसबॉलमध्ये ही जुनी आणि प्रतिष्ठित रीत आहे. आपला माणूस आज द्यायचा. त्याच्या बदल्यात 'एक खेळाडू, नाव मागाहून' घ्यायचा. कोण, ते समोरचा संघ सवडीने कळवतो. मुलीची पाठवणी आज करायची आणि जावई कोण ते पुढच्या मोसमात विचारायचं, असा हा प्रकार. याला दूरदृष्टी म्हणतात.

ऑर्विलच का, याचंही शास्त्र लेनीकडे आहे. या शास्त्रवाल्यांच्या गणितात एक काल्पनिक माणूस असतो. त्याचं नाव 'कुणीही'. रस्त्यावरून कुणालाही उचलून संघात उभं केलं तर तो किती सामने जिंकून देईल, त्यावर बाकीच्यांना मोजायचं. या कुणाहीच्या हातून आजवर एकही चेंडू सुटलेला नाही (तो अजून जन्मायचाय). त्याच्याशी तुलना करता ऑर्विल अर्धा सामना कमी भरला. मी विचारलं, "पहिला अर्धा की दुसरा?" लेनी म्हणाला, "आई, तुला नाही कळायचं." ते खरं आहे. मी सहावीत शाळा सोडून धुलाईखान्यात लागले, तिथे मळका शर्ट मळकाच असायचा.

ऑर्विल भांडला नाही. करार म्हणजे करार. नाही गेला तर खेळ सुटला, आणि त्याच्या गुडघ्यांत मोसम उरलाय जेमतेम एक. तो माडीवर जाऊन बॅग भरू लागला. बर्नीसही रडली नाही. "आजोबांनी पेटवलेली भट्टी मी विझवणार नाही," म्हणाली, "आणि टेक्सासातून रोज येऊन पोतं उचलेल असा नवरा मला परवडणार नाही." अकॉर्डियनवाल्याला तिने स्वतः कळवलं. त्या आठवड्यात तिच्या पावात मीठ जास्त पडत होतं. गिऱ्हाईकांनी मुकाट खाल्लं.

लेनी मात्र कामाला जुंपला होता. पळणारा देऊन फटके मारणारा आणला. मग फटके मारणारा पळत नाही म्हणून त्याला सोडलं. कोपराचं ऑपरेशन झालेला डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, घेतला, कारण उरलेलं कोपर चांगलं होतं. पहिल्या बेसवर उभा एकच राहतो, तिथे तिघांना घेतलं आणि या राखीव गर्दीला 'फळीची खोली' असं नाव दिलं. मग डिसेंबरात सगळ्या संघांचे साहेब एका मोठ्या हॉटेलच्या दिवाणखान्यात जमून एकमेकांकडे बघत उभे राहतात, तिथे तोही जाऊन उभा राहिला. तिथून त्याने पत्रक काढलं: 'कॅचरच्या जागेबाबत संघाने सर्व पर्याय खुले ठेवले आहेत.' (पर्याय एकही नव्हता, त्यामुळे सगळे खुले होते.)

मी लुडबुड केली नाही. मी फक्त सॉल्ट बेंडला फोन लावला, आमचा माणूस घेतल्याबद्दल आभार मानायला. तिथले साहेब ड्वेन हॅस्केल म्हणून आहेत, आवाजावरून चांगल्या घरचे.

"ऑर्विल म्हणजे सोनं हो," मी म्हटलं. "खाली बसला की गुडघे असे वाजतात, की पंच मागे वळून बघतो, दार कुणी उघडलं म्हणून. त्यामुळे तो आहे की नाही हे बघावं लागत नाही. उठायला थोडा वेळ लागतो, पण उठतो. बहुतेकदा."

"बाई, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

"लेनी लाजाळू आहे. आणि ऑर्विल जेवतो छान! कोबीचे भरलेले रोल करणारी कुणी आहे ना तुमच्याकडे?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बाई, आम्ही तुम्हाला एक खेळाडू देणं लागतो. नाव ठरायचंय. तुमच्या मनात कुणी आहे?"

"मी अडाणी बाई," मी म्हटलं, "मला एकाच खेळाडूचं नाव नीट ठाऊक आहे."

असं करू नये असं नियमांत कुठेही लिहिलेलं नाही. ज्यांनी नियम केले, त्यांना माणूस इतका शिकेल अशी शंका आली नसावी. नाताळच्या आधीच सॉल्ट बेंडने नाव कळवलं: ऑर्विलच्या बदल्यात ऑर्विल. ऑर्विल अजून निघालाच नव्हता; त्याने माडीवर भरून ठेवलेली बॅग उघडली. तिच्यात सगळे हिवाळी कपडे होते. टेक्सासला न्यायचं असं त्याच्याकडे काही नव्हतंच.

लेनीला वाईट वाटेल, असं मला वाटलं होतं. पण तो कॉलेजात शिकलाय. त्याने पत्रक काढलं: 'अथक वाटाघाटींनंतर, एकही खेळाडू न गमावता, संघाने एक अनुभवी कॅचर मिळवला असून तो गावाशी व प्रेक्षकांशी उत्तम परिचित आहे.' गावच्या पेपराने 'धाडसी खेळी' असा मथळा दिला. लोक बर्फात रांग लावून मोसमाची तिकिटं घेऊन गेले. शेजारच्या मिसेस ग्रुबर मला हात दाबून म्हणाल्या, "अखेर कॅचर मिळाला हो!" त्या रोज पाव घ्यायला येतात तेव्हा ऑर्विललाच बघतात.

आमच्यात नाताळच्या आदल्या संध्याकाळी टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात. वाटेवरचं कुणीही, अनोळखी, भुकेलं, दार वाजवेल तर त्याच्यासाठी. माझ्या आईपासून ते ताट मांडलं जातंय आणि तसंच उचललं जातंय. जेवायचं पहिला तारा दिसल्यावर; तो दिसला, बर्नीसने मशरूमचं सूप आणलं. अकॉर्डियनवाला पुन्हा ठरला होता, पावातलं मीठ ठिकाणावर आलं होतं. लेनी फोनवर बोलत शेवटी आला आणि थबकला. त्याच्या खुर्चीवर ऑर्विल बसला होता, मीच बसवला होता.

"आई, मी कुठे बसू?"

(इतका वेळ हसणाऱ्यांनी हवं तर हे गणित आपापल्या घरी मांडून बघावं. आपल्या जागी कुणीही असता तर काय बिघडलं असतं? उत्तर आलं तर मोठ्याने वाचू नये, घरचे मान डोलावतात.)

मी सुपाचा डाव खाली ठेवला.

"लेनी," मी म्हटलं, "मी तुझ्याच रीतीने मोजलं. तू थंडीभर राबलास, ऑर्विल इथेच आहे. तू थंडीभर झोपला असतास, तरी ऑर्विल इथेच असता. म्हणजे तू कुणाहीपेक्षा कमी नाहीस रे, बरोबर त्याच्याइतकाच भरलास. त्याचं ताट मांडलंय, तिकडे बस. सूप गार होतंय."